पणजीचे नाव कोणत्या वहीत?

2023 साली कुणबी नोंदींच्या शोधात आपल्या जालना जिल्ह्यात घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. निजामी राजवटीतील उर्दू कागद आणि मोडीतील दस्त वाचणाऱ्यांना एकाएकी मोल आले. जो तो पणजोबांचे नाव शोधीत होता. पणजीचे काय?

असाच शोध सातासमुद्रापार मॉरिशस बेटावरील मराठी कुटुंबेही घेत असतात. गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास तेथील उसाच्या मळ्यांसाठी 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. असे सुमारे साडेचार लाख लोक तेथे उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व सावंतवाडीकडील पुष्कळ मराठी माणसे होती. ती पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरली, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा गणला जातो.

उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. वहीत नाव, आई किंवा बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा आणि जहाज यांची नोंद होई. या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. वंशज आपल्या जन्मदाखल्यापासून मागे मागे जातात, जुन्या दाखल्यावर पूर्वजाचा क्रमांक सापडला की वही उघडते. परभाषी कारकुनाने गावाचे नाव कानाला येईल तसे लिहिलेले असते. ते ओळखणे हीच खरी कसोटी.

मजूर पळाला तर ओळखता यावा, यासाठी ती नोंद होती. त्यात आदर कसला? तरीही त्या वहीत स्त्रीला स्वतःचा क्रमांक व स्वतःचे नाव आहे.

आणि आपल्या घरी? कितीतरी नववधूंची नावे ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवी लिहिली गेली आणि माहेरचे नाव तेथेच पुसले गेले. घरच्या वंशावळीत बापापुढे मुलगा, मुलापुढे नातू. आजी आहे कोठे? दास्याच्या वहीने जे जपले, ते मायेच्या घराने हरवले!

2024 साली राज्य शासनाने कागदोपत्री आईचे नाव लिहिणे सक्तीचे केले. ते पुढच्या लेकरांसाठी झाले. मागचे आपणच लिहावयाचे आहे. या वर्धापनदिनी मंडळात एक कोरी वही ठेवू या. प्रत्येकीने तीत आपले, आईचे, आजीचे आणि सासूचे माहेरचे नाव व गाव लिहावे. आठवत नसेल, तर म्हाताऱ्या माणसांना विचारावे. मात्र आजच विचारावे.