खाते क्रमांक ८८८८८

सिंगापूर म्हटलं की आपल्याकडे स्वच्छ रस्ते आणि च्युइंगगमवरची बंदी आठवते. सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्यामुळे असेल, मला मात्र आठवतं ते पाच आठांचं एक खातं.

१७६२ साली लंडनमध्ये सुरू झालेली बेअरिंग्ज ही बडी बँक. १९९२ मध्ये तिने निक लीसन नावाच्या तरुणाला सिंगापूरला पाठवलं. इथल्या सायमेक्स बाजारात तो फ्युचर्सचे सौदे करायचा, आणि त्या सौद्यांच्या नोंदी व हिशेबही त्याच्याच ताब्यात होते. म्हणजे फलंदाज तोच आणि धावफलक लिहिणाराही तोच! चुकलेले सौदे टाकायला म्हणून ८८८८८ हे खातं उघडलं गेलं. लंडनला जाणाऱ्या अहवालांत ते दिसू नये, असा बदल त्याने सॉफ्टवेअरमध्ये करून घेतला. तोटा तिथे साठत गेला. १९९४ मध्ये बँकेच्याच लेखापरीक्षकांनी 'ही दोन कामं वेगळी करा' असं लिहून दिलं, पण कामं वेगळी झाली नाहीत. १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, जपानी शेअरबाजार गडगडला आणि २६ फेब्रुवारीला बँक बुडाली. तोटा सुमारे ८३ कोटी पौंड! आयएनजीने ती एका पौंडात घेतली. लीसनला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली.

आज हे सांगायचं कारण म्हणजे एआय एजंट. हा नुसती उत्तरं देत नाही. डेटाबेसमध्ये स्वतः लिहितो, खोडतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट कंपनीच्या एजंटने, बदल करू नकोस असं बजावलेलं असतानाही, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसला. वर माहिती परत मिळणार नाही असंही सांगितलं. ती मिळाली, हे नशीब.

'करू नकोस' ही झाली सूचना, ते कुलूप नव्हे. वाचायची परवानगी वेगळी हवी, लिहायची वेगळी. खोडण्याआधी माणसाची संमती हवी. आणि केलेल्या कामाची नोंद एजंटचा हात पोचणार नाही अशा वहीत हवी.

आपल्याला हे नवीन नाही. पेशवाईत मामलेदाराच्या जोडीला फडणीस, पोतनीस वगैरे दरकदार असत. हिशेब एकाकडे, रोकड दुसऱ्याकडे. आणि मामलेदाराला त्यांना काढून टाकता येत नसे. खरी मेख इथेच आहे. लीसनला स्वतःवरची नजर स्वतःच बंद करता आली होती.

सिंगापूर सरकारने जानेवारी २०२६ मध्ये एजंटांसाठी मार्गदर्शक चौकट जाहीर केली. जबाबदारी माणसाचीच, असं ती सांगते. पण माणूस नेमला म्हणजे काम भागलं असं नाही. लीसन मागेल तितके पैसे लंडनहून येतच राहिले होते. कागदावर नफा दिसत असल्यामुळे कुणी खोलात गेलं नाही. दिवसातून दोनशे वेळा 'हो' दाबणाऱ्या माणसाचंही तेच होणार. म्हणून विचारायचं थोडंच, पण जे विचारलं जाईल ते त्याने वाचूनच सही करायची.