परळची खोली, गावचं देऊळ

आमच्या गावच्या रवळनाथाचा कारभार तीन पिढ्या दोन ठिकाणांहून चालला. एक ठिकाण देवगड तालुक्यातली, सड्याच्या पायथ्याची राई. तिथं देऊळ आहे. दुसरं ठिकाण म्हणजे परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. राईत देव होता, गुरव होता, देवाच्या काठ्या म्हणजे तरंगं होती. खोलीत भिंतीकडेनं रचलेल्या पत्र्याच्या पेट्या होत्या, पाळीप्रमाणे बदलणारी माणसं होती आणि फळीवर लाल कापडात गुंडाळलेली वर्गणीची वही होती. वही काढायची तर आधी हातपाय धुवायचे, असा खोलीचा शिरस्ता होता. आजोबांनी मला गावच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या निम्म्या या वहीतून निघाल्या.

आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. मुंबईत कावसजी दावरांची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली गावंच्या गावं गिरणगावात उतरली. का उतरली, हे आजोबा एका वाक्यात सांगत. "अर्धा खोताक, पाव सावकाराक, आणि उरला ता शिमग्यापर्यंत." शिमग्यानंतर घरात भात नसे. मग देवगड बंदरातून आगबोट, भाऊचा धक्का आणि तिथून डोक्यावर पेटी घेऊन गावाची खोली. एका खोलीत तीसेक माणसं राहत. कारण दिवसपाळी कामावर गेली की रातपाळी झोपायची. नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या पगारातला एक रुपया देवाचा. तो वहीत लिहिला गेला, की पोरगा गावाच्या हिशेबात आला असं धरत. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या. तेव्हा ही वर्गणी मनीऑर्डरनं गावकरांच्या नावे जाई आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर मजकूर असे: तेलासाठी इतके, वाजंत्र्यांना इतके, दहीकाल्याला इतके.

पण देऊळ त्या पैशावर चालत होतं असं मानलं तर आजोबांना राग येई. त्यांच्या मते पैसा हा मागाहून आलेला पाहुणा. देऊळ चालायचं ते बारापाच मानकऱ्यांच्या रहाटीवर. गावकरानं गाऱ्हाणं घालायचं, घाड्यानं सीमेचं बघायचं, राऊळांनी तरंगं सांभाळायची, गुरवानं रोजची पूजा करायची आणि कौल लावायचा. प्रत्येक घराला एखादं काम बांधून दिलेलं होतं, अगदी होळीच्या झाडाचा बुंधा कुणी धरायचा आणि शेंडा कुणी, इथपर्यंत. मान मोठा की छोटा यावरून भांडणं होत, कोर्टापर्यंतही जात. तरी आपलं काम दुसऱ्यानं केलेलं कुणाला खपत नसे. देवळाची खरी बांधणी ती होती, असं मला आता वाटतं.

कौल लावताना मी लहानपणी अगदी जवळून पाहिलंय. गुरव पाषाण धुऊन घ्यायचा आणि पाण्यात बुडवलेले कळे त्यावर दोन्ही बाजूंना चिकटवायचा. मग गावकर प्रश्न मांडायचा. जत्रा अमुक दिवशी धरावी का, पाणी आटलंय तर विहीर कुठं खणावी, दोन भावांतला वाद मिटेल का. मांडून झालं की कुणी हलायचं नाही. समईची वात चरचरलेली ऐकू यायची. उजवा कळा सुटला की मागची सगळी माणसं एका दमात "व्हय म्हाराजा" म्हणायची. डावा पडला तर प्रश्न फिरवून पुन्हा घालायचा. आजोबा सांगत, की पुष्कळ वेळा गावातला तंटा कळा पडायच्या आधीच मिटलेला असे. कारण देवासमोर प्रश्न मांडायचा तर दोन्ही बाजूंना एका वाक्यावर यावं लागे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण माणसांना बोलायला बसवणारी ती जागा होती आणि तिचं ते काम मी हलकं मानत नाही. आमच्याच तालुक्याच्या शेजारी, मालवणातल्या आचऱ्यात, रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. गावपळण म्हणतात तिला. हजारो माणसं एका शब्दावर घराला कुलूप घालतात, ती त्या रहाटीच्या जोरावर.

वैशाखातली शाकारणी हा आमच्याकडचा तसाच प्रसंग. देवळाला चिऱ्याच्या भिंती, फणसाचे खांब आणि वर मंगळुरी कौलं. चाकरमानी मे महिन्यात गावी आले, की एक दिवस ठरवून सगळी कौलं उतरवायची, घासायची, परत चढवायची. वाशावर बसलेल्या माणसापासून अंगणापर्यंत माणसांची साखळी. कौल हातात आलं की बोटाच्या पेरानं त्यावर टिचकी मारायची. खणखणलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत चीर आहे, ते बाजूला. पोरांना हे काम फार आवडायचं. बायका उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी रांधायच्या. एका वर्षी गावचा एक जॉबर, म्हणजे गिरणीत माणसं भरणारा वजनदार गृहस्थ, आला नाही. त्यानं आपल्या वाट्याच्या मजुरीचे पाच रुपये पाठवले. त्या काळात पाच रुपयांत गडी मिळून वर पैसे उरले असते. गावकरांनी पैसे परत धाडले आणि कळवलं, की देवाला माणूस हवा. दसऱ्याला तो स्वतः आला, पायरीवर बसून समया घासल्या, तेव्हा त्याच्या हातावर प्रसादाचा नारळ पडला. ही गोष्ट आजोबा सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे.

देवाच्या नावे थोडी भातजमीन आहे. आंग्र्यांच्या वेळेपासून ती दिवाबत्तीसाठी दिलेली, असं म्हातारे सांगत. विजयदुर्ग १७५६ मध्ये आंग्र्यांच्या हातून गेला, १८१८ मध्ये पेशवाई गेली, राज्यं बदलली. पण सातबाऱ्यावर आजही मालक म्हणून देवाचं नाव आहे आणि पुढे देवस्थान इनाम वर्ग ३. ती विकता येत नाही. तिच्या खंडाच्या भातातून नैवेद्य आणि गुरवाचं पोट, दोन्ही भागायचं.

आजोबांच्या गोष्टींत जी माणसं नव्हती, ती मला आजीकडून कळली. देवळाच्या मागच्या बाजूला एक जोतं आहे, घाणेरीनं झाकलेलं. तिथं भाविणींचं घर होतं. सकाळी देऊळ झाडणं, सारवणं, संध्याकाळी दिवा लावणं हे त्यांचं काम. आणि त्यांच्या मुलींचं आयुष्य देवाच्या नावानं आधीच ठरून गेलेलं. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासींच्या रक्षणाचा कायदा झाला आणि मुली देवाला वाहणं गुन्हा ठरलं. आमच्या गावातलं ते घर त्यानंतर मुंबईला गेलं आणि परत आलं नाही. आजी म्हणायची, "चेडवा, दिवो त्येंनी लावलो, पण त्येंचा नाव कोणी कागदार लावूक नाय." खरोखरच वहीत त्यांच्या नावाचं एकही पान नाही.

दुसरं न लिहिलेलं पान महारवाड्याचं. पालखीपुढचा ढोल त्यांचा, सीमेवरचा नैवेद्य त्यांचा, आणि उभं राहायची जागा मात्र शेवटच्या पायरीच्या खाली. गिरणीतही तेच. साचेखात्यात धोट्यातल्या कांडीचा दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे. उष्टं होईल म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत, आणि पगार तिथं जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. म्हणजे माझ्या आजोबांच्या ज्या पगारातून देवाचा रुपया निघाला, ते खातं त्यांच्याच गावच्या माणसांना बंद होतं. रत्नागिरीत १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सर्वांना खुलं झालं, १९४७ मध्ये मंदिरप्रवेशाचा कायदा आला, तरी आमचा गाव अंग चोरूनच राहिला. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतरच्या शिमग्याला आमच्या पालखीपुढे ढोल वाजला नाही. त्यांनी निरोप पाठवला होता: आम्ही आता हे काम करत नाही. गावात मोठा गहजब झाला, देव कोपेल म्हणून कौल लावले गेले. आजोबा तेव्हा चिडलेल्यांतच होते. म्हातारपणी मात्र ते मला म्हणाले, की गावात मानानं वागलेले तेवढेच, बाकीचे आम्ही मानासाठी भांडत बसलो. मला हे वाक्य त्यांच्या सगळ्या गोष्टींहून मोठं वाटतं.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली देऊळ नोंदलं गेलं, तेव्हा रहाटीला पहिल्यांदा कागदाचा आकार आला. विश्वस्त, घटना, लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. जुन्या मानकऱ्यांना हे जाचक वाटलं. मला ते आवश्यक वाटतं. देवाच्या दागिन्यांची यादी एकाच घरातल्या पेटीत राहणं बरं नव्हे. हिशेब भिंतीवर लागला की संशयाला जागा उरत नाही.

आणि मग १९८२. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वहीत त्या वर्षीच्या पानावर नावं आहेत, रकान्यांत आडव्या रेघा आहेत. खोलीतली खानावळ उधारीवर गेली, मग तीही बंद झाली. तोपर्यंत पैसा नेहमी मुंबईहून गावाकडे जात आला होता. त्या वर्षी देवाच्या जमिनीच्या खंडाचं भात पोत्यांत भरून परळच्या खोलीत गेलं. गुरवानं आपला वाटा कमी घेतला. कौल लावायचीसुद्धा गरज पडली नाही, आजी सांगायची. देवाचं भात उपाशी लेकरांना द्यायचं तर देवाला काय विचारायचं! त्या सालचा दहीकाला झाला, दशावतारी मंडळी बिदागी न ठरवता आली आणि रात्रभर नाचली. पण संप कधी मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या सुटल्या, खोलीही पुढे गेली. माणसं आधी गावी परतली, मग त्यांची मुलं नालासोपारा, विरार, दिव्याला राहायला गेली.

आता मंडळाची सभा मोबाइलवर होते आणि वर्गणी एका मिनिटात जमते. जत्रेच्या रात्री राईत पाय ठेवायला जागा नसते. उरलेलं वर्ष मात्र गुरवबुवा एकटे. त्यांचा मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरी करतो, त्याला परत यायचं नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही; घरटी पायलीभर भातावर आज कुणाचं घर चालणार? मुंबईकरांच्या मनात जीर्णोद्धार आहे: कौलं काढून स्लॅब, चिऱ्यावर संगमरवर, चाळीस फुटी कळस. पैसा उभा राहील यात मला शंका नाही. पण स्लॅब पडला की शाकारणी संपली. वर्षातून एकदा गावाला एका साखळीत उभं करणारा तो दिवस संपला. जुने चिरे अजून दोनशे वर्षं उभे राहतील असे आहेत. जिथं पोकळी आहे तिथं पैसा घालावा, आणि पोकळी माणसांत आहे, हे मी सभेत सांगितलं. बायकांनी सभेत बोलायची पद्धत आमच्याकडे नवी आहे, तरी ऐकून घेतलं गेलं.

या मे महिन्यात तीन गोष्टी ठरल्या. कळसाचं अंदाजपत्रक पुढे ढकलून गुरवाला विश्वस्तनिधीतून दरमहा पगार सुरू करायचा आणि पूजा शिकायला जो येईल, मग तो कुठल्याही घरातला असो, त्यालाही. शाकारणीच्या यादीत घरातल्या सुना आणि लेकींची नावं घालायची. सासरी गेलेल्या लेकींचीही. तिसरी गोष्ट बौद्धवाडीच्या पायवाटेची. ती वाट देवाच्या जमिनीतून जाते, आणि मधल्या काळात कुणीतरी तिथं गडगा घातला होता. गडगा त्याच आठवड्यात काढला. वाट कागदोपत्री कायमची करून द्यायची तर देवस्थानाच्या जमिनीमुळे सरकारी परवानग्या लागतात. ठरावाची प्रत जोडून अर्ज गेला आहे, आणि त्यावर सह्या करणाऱ्यांत त्या जॉबरचा नातूही आहे.