सहकारी घरांचा कारभारी

मुंबईच्या भाडेकऱ्याचा घरमालक त्यानें स्वतः कधींच निवडलेला नसे. भाडें किती, डागडुजी केव्हां, हें मालकानें ठरवावें व भाडेकऱ्यानें मुकाट्यानें मान्य करावें, हाच शिरस्ता. १८९६ च्या प्लेगनें शहरांतील दाट वस्तीचें भीषण स्वरूप उघड केलें. परंतु मध्यम स्थितींतल्या कुटुंबास परवडेल असें नीटनेटकें घर कोणीं बांधावें, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें एक उत्तर सहकाराच्या मार्गानें निघालें. १९०४ चा कायदा पतपेढ्यांपुरताच होता; १९१२ च्या कायद्यानें इतर कार्यांसहि सहकाराचें दार उघडलें. त्याचा लाभ घेऊन १९१५ सालीं श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. इमारत संस्थेची आणि संस्था तेथें राहणारांची. म्हणजे भाडेकरी तोच मालक!

पण सगळेच मालक एकाच वेळीं कारभार पाहूं शकत नाहींत. म्हणून सभासदांनीं आपल्यांतूनच व्यवस्थापक समिति निवडावी आणि तिनें पैसा गोळा करावा, दुरुस्ती पाहावी, हिशेब ठेवावा, अशी योजना असते. घरमालकाचा अधिकार खरेदीखतांतून येतो. समितीचा अधिकार मतांतून. मात्र दुसऱ्याच्या छपराचा पैसा ज्याच्या हातीं, त्याच्यावर देखरेख हवीच. १९१२ च्या कायद्यानें रजिस्ट्रारास प्रतिवर्षीं हिशेबतपासणी करविण्याचा, चौकशीचा आणि अखेरीस संस्थेची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार दिला. यांतला शेवटचा उपाय मोठा जालीम: दोष चार कारभाऱ्यांचा आणि शिक्षा सर्व सभासदांस!

महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यानें सर्वसाधारण सभेस सर्वोच्च स्थान दिलें, सभासदास एक मत दिलें, आणि संस्था जिवंत ठेवून दोषी समितीच दूर करण्याची व तिच्या जागीं प्रशासक नेमण्याची वाट काढली. पण औषधाचाहि अतिरेक होतो. देशांत ठिकठिकाणीं सहकारी संस्थांच्या निवडणुका लांबणीवर पडल्या आणि नेमलेले प्रशासक दीर्घकाळ खुर्चीवर राहिले. म्हणून २०११ सालच्या ९७ व्या घटनादुरुस्तीनें समितीस ५ वर्षांची मुदत व निवडणुकीस स्वतंत्र यंत्रणा ठरवून दिली; २०१३ सालीं महाराष्ट्रानें आपला कायदा त्यास अनुरूप केला. २०१९ सालीं २५० सभासदांपर्यंतच्या गृहनिर्माण संस्थांस आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा मिळाली. पुढें २०२१ सालीं, राज्यांची संमति घेतली नव्हती या कारणास्तव, सर्वोच्च न्यायालयानें त्या घटनादुरुस्तीचा राज्यांतर्गत संस्थांविषयींचा भाग रद्द ठरविला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा मात्र कायम राहिला.

या शतकभरांत सरकारचा हात कधीं सैल, तर कधीं घट्ट झाला. पण हिशेबतपासनीस वर्षांतून एकदां वह्या पाहतो; शेजारी रोज तोच जिना चढतो. वार्षिक सभेंत हिशेबाचें पान उलटून प्रश्न विचारणारा सभासद हाच समितीवरचा पहिला पहारेकरी होय. तो घरीं बसला, तर त्यानेंच निवडून दिलेला कारभारी थोड्याच दिवसांत जुना घरमालक होऊन बसतो.