माउलीचा गुडघा

मार्गशीर्षात कळवण तालुक्यातल्या कोकणा आणि भिल्ल पाड्यांवर पावरीचे सूर घुमू लागतात. डोंगऱ्यादेवाचे व्रत धरलेल्या माउली रिंगण धरून नाचतात आणि पौर्णिमेच्या सुमारास देवाच्या डोंगरावर जातात. हा नाच गुडघ्यांवर तोललेला आहे. गुडघे थोडे मोडलेले, पाऊल दणकून पुढे, मध्येच उडी. रात्र सरते, मांडीला मात्र सुट्टी नसते. भाताच्या खाचरात वाकून आणि मोळी घेऊन चढ चढून ही मांडी घडायची. त्यामुळे नाचासाठी वेगळ्या कसरतीची गरज भासली नाही, आणि तेही रास्तच. अडचण येते ती गुडघा दुखावल्यावर. लेप, पट्टी, पडून राहणे. इस्पितळ आले तेव्हा प्लास्टर. सूज उतरते खरी, पण मांडी सुकते, आणि सुकलेल्या मांडीवर उडी पेलत नाही.

या सुकलेल्या मांडीचा प्रश्न अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात हाती घेतला आणि 1945 मध्ये निष्कर्ष छापले. सैनिकाच्या पायात लोखंडी बूट, त्याला वजने अडकवलेली, बसल्या जागी गुडघा सरळ करायचा आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचे. जड वजन थोड्या वेळा उचलले तर ताकद येते, हलके पुष्कळ वेळा उचलले तर दम वाढतो, हा त्यांचा मुद्दा. यावर कुणी म्हणेल, यात नवे काय? आपल्या तालमीत बैठका होत्याच. होत्या, पण बैठक वाढते ती बहुधा संख्येने, शंभराच्या दोनशे. म्हणजे वाढतो तो मुख्यतः दम. शिवाय ती दोन्ही पायांवर असल्याने दुखरा पाय अंग चोरतो आणि धडका पाय त्याचे ओझे ओढतो. भार वाढवण्याची युक्ती तालमीला अनोळखी नव्हती, दगडी नाल तीच सांगते. ती गळ्यात घालून काही पैलवान बैठकाही मारत, पण तो भारही दोन्ही पायांवरच.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: पाड्यावर जिम कुठून आणायची? भार म्हणजे जिमच, असे कुठे आहे? फिजिओथेरपिस्टने हिरवा कंदील दिल्यावर दुखऱ्या पायाने ओट्याच्या पायरीवर चढायचे, पाठीवरच्या पिशवीत पाच किलो कांदे. गुडघा सुजला नाही, तर पुढे सात. कळवणात कांद्याला तोटा नाही. घाई मात्र महागात पडते. गुडघ्याचा अस्थिबंध शस्त्रक्रियेने नवा बसवलेल्या खेळाडूंवरचा नॉर्वेतला अभ्यास 2016 मध्ये आला. नऊ महिन्यांआधी मैदानात परतलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका त्यात बराच जास्त आढळला. ते खेळाडू होते, नाचे नव्हेत. पण उडीवरून खाली येणारा गुडघा हा भेद मानत नाही. फाल्गुनात शस्त्रक्रिया झाली तर मार्गशीर्ष नवव्या महिन्यावर येतो. भाद्रपदात झाली, तर यंदा पावरीवाल्याशेजारी बसून ठेका धरायचा.