शाळेच्या बसचे संकटकालीन दार: नियम व त्यांमागील इतिहास

शाळेच्या बसमधील संकटकालीन दाराविषयीचे अमेरिकेतील आजचे कडक नियम एका दुर्घटनेतून आले आहेत. ती बस एका चर्चची होती, म्हणून ही हकिकत आपल्या वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१४ मे १९८८ च्या रात्री केंटकी राज्यातील रॅडक्लिफ येथील चर्चची मुले करमणूक उद्यानातून परतत होती. कॅरॉल्टनजवळ महामार्गावर मद्यधुंद चालकाची पिकअप गाडी उलट दिशेने येऊन बसवर आदळली. बसमध्ये ६७ जण होते. धडक जीवघेणी नव्हती. परंतु इंधनाची टाकी फुटून पुढे आग लागली व पुढचे दार निरुपयोगी झाले. उरले ते फक्त मागचे दार. आसनांमधील अरुंद वाटेत मुलांची कोंडी झाली आणि २७ जण धूर व आगीमुळे मरण पावले. त्यांत बहुतेक मुलेच होती. ही बस मूळची शाळेची होती. १ एप्रिल १९७७ रोजी सुरक्षिततेची नवी मानके लागू झाली, त्याच्या काही दिवस आधीच तिची चासी बांधली गेली होती!

यानंतर केंटकीने शाळेच्या बसला नऊ निर्गमनमार्ग सक्तीचे केले: पुढचे, मागचे व बाजूचे दार, चार खिडक्या आणि छतावरील दोन झडपा. १९९२ मध्ये संघीय मानक क्रमांक २१७ सुधारण्यात आले व बसच्या आसनसंख्येनुसार मार्गांची संख्या ठरू लागली. मागच्या दाराशी सुमारे ११४ सेंटिमीटर उंच, ६१ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल जागा पूर्ण मोकळी असावी लागते. मार्गाभोवती प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लागते. दाराची कडी सुटली तर चालकाला इशारा ऐकू येतो.

आमच्या मते सर्वांत शहाणपणाचा नियम कुलपाचा आहे. संकटकालीन दाराला कुलूप असेल तर इंजिन सुरूच होता कामा नये, असे हे मानक सांगते. दार आहे पण उघडत नाही, ही स्थिती दार नसण्याहून घातक. कारण मुले त्याच दिशेने धावतात. प्रत्येक सत्रात मुलांकडून बाहेर पडण्याचा सराव करून घ्यावा, अशीही तेथे शिफारस आहे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये शाळेच्या बसच्या खिडक्यांना आडव्या जाळ्या बसविण्याचे निर्देश दिले. मुलांनी डोके बाहेर काढू नये यासाठी ते योग्यच. पण अशा खिडकीतून बाहेर पडणे अवघड असते, म्हणून संकटकालीन दाराचे महत्त्व आपल्याकडे अधिकच आहे. दप्तरे आणि डबे नेमके त्याच दाराशी रचलेले आढळतात, हे पालकांनी एकदा डोकावून पाहावे.

महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते व तीत पालकांचा प्रतिनिधीही असतो. संकटकालीन दार समितीसमोर आतून व बाहेरून उघडून दाखवावे, अशी मागणी पालकांना या प्रतिनिधीमार्फत करता येईल.