स्वस्त यंत्राची वऱ्हाडी पारख

खिशात मावणाऱ्या स्वस्त यंत्राची पारख करण्याची एक ठरलेली रीत आहे. किंमत बघायची, पडदा बघायचा, स्मृती किती आणि बॅटरी किती टिकते ते विचारायचे, मग महागड्या यंत्राशी ताडून निकाल द्यायचा. १९९६ मध्ये अमेरिकेत पाम पायलट हे हातात धरायचे टिपणयंत्र २९९ डॉलरला आले. ऑक्टोबर २००२ मध्ये त्याच कंपनीने झायर नावाचे यंत्र ९९ डॉलरला आणले. पडद्यामागचा उजेड काढला, रंग काढले, स्मृती अवघी २ मेगाबाइट ठेवली, तेव्हा किंमत उतरली. पत्ते आणि भेटीच्या वेळा टिपणाऱ्याला एवढे पुरे आहे, हा त्यावरचा निकाल रास्तच होता. कारण टिपण त्याचे, टिपणारा तो आणि वाचणाराही तोच. अमरावती-अकोल्यात मात्र हे माप अपुरे पडते. इथे हातातल्या यंत्रात बहुतेक वेळा दुसऱ्याचे काहीतरी टिपले जाते: शेतकऱ्याचे पीक, बालकाचे वजन, कुटुंबाची मिळकत. टिपणारा एक, ज्याच्याविषयी टिपले तो दुसरा आणि त्या टिपणावरून पैसा द्यायचा की नाही हे ठरवणारा तिसरा. अशा ठिकाणी यंत्राची पहिली परीक्षा वेगळी असायला हवी. ज्याची नोंद आहे त्याला ती दिसते का, समजते का आणि चुकली तर बदलून घेता येते का? माझे म्हणणे असे की ही परीक्षा वऱ्हाडाला बाहेरून शिकावी लागत नाही. इथल्या कापूस बाजाराने ती सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडली आहे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तोडला आणि सगळ्यांचे लक्ष इथल्या काळ्या जमिनीकडे वळले. पूर्वी वऱ्हाडी कापूस बैलांच्या तांड्यांवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि ती वाट मुंबईकडे फिरली. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या खामगावला १८७० मध्ये रेल्वेचा फाटा मिळाला, त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तारायंत्रही पोहोचले. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी नोंदवली की सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस तिथल्या गोदीत उतरू लागला. माहिती पोहोचवण्याच्या साधनात याहून मोठी झेप इथे कधी पडली असेल असे वाटत नाही. पण ती माहिती उतरत होती पेढीवर. बंडी घेऊन आलेल्या कुणब्याला तारेतला भाव वाचता येत नव्हता, काटा तपासता येत नव्हता. जुन्या बाजारांत तर रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत आणि ज्याचा माल विकला जाई त्यालाच तो आकडा शेवटपर्यंत कळत नसे. यावर उपाय म्हणून १८८६ मध्ये कारंज्याला हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने देशातला पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. बाजार समिती नेमली गेली, दलाल आणि मापाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला, वजने-काटे तपासणीखाली आले, कोणी किती घ्यायचे ते ठरले. समितीत व्यापाऱ्यांचेच वजन जास्त होते, हा त्या कायद्याचा मोठा दोष. तरीही १९२८ च्या शेतकी रॉयल कमिशनने इतर प्रांतांपुढे नमुना ठेवला तो वऱ्हाडच्या बाजारांचा. तार आल्यावर सत्तावीस वर्षांनी हा कायदा आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. साधन आधी पोहोचले. ज्याच्या मालाची नोंद होत होती त्याचा त्या नोंदीवरचा हक्क मागाहून आणि अर्धामुर्धा पोहोचला.

आता हातातल्या यंत्राकडे येऊ. भारतात या प्रश्नाचा सर्वांत गंभीर विचार सिंप्युटरच्या निमित्ताने झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक, त्यांच्याबरोबर एन्कोर कंपनीचे विनय देशपांडे, यांनी गरिबाला वापरता येईल असा हातातला संगणक आखला. लिनक्सवर चालणारा, बोटाने किंवा काडीने हाताळायचा, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवू शकणारा. त्याची खरी करामत स्मार्ट कार्डात होती. एका गावाने मिळून एक यंत्र घ्यायचे आणि प्रत्येकाने आपापले कार्ड बाळगायचे. यंत्र सामायिक, नोंद मात्र ज्याची त्याच्या खिशात. न वाचता येणाऱ्यालाही नोंद ऐकता यावी आणि ती त्याच्याकडेच राहावी, या दोन्ही गोष्टी एकाच आराखड्यात होत्या. त्याच सुमारास पाश्चात्त्य बाजारातली स्वस्त यंत्रे काय काय वगळता येईल याचा हिशेब करत होती, तिथे या मंडळींनी वापरणारा कोण, इथून सुरुवात केली. मला हे श्रेय फार मोठे वाटते.

सिंप्युटर चालला नाही, हे खरे. मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केलेला अमिडा सिंप्युटर विक्रीला आला तो ९,९५० रुपयांपासून पुढे. २००५ पर्यंत जेमतेम चार हजार यंत्रे खपली. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसाठी काही वापर झाला, वऱ्हाडाच्या गावांपर्यंत ते पोहोचलेच नाही. त्याआधीच, २००३ च्या पावसाळ्यात, रिलायन्सने ५०१ रुपये भरून मोबाइल हाती देण्याची योजना आणली होती. दहा हजारांच्या यंत्राला गावाने वर्गणी का काढावी? पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत आकाश टॅब्लेट निघाला, सरकारी खरेदीची किंमत २,२७६ रुपये. पण त्याचा संथ प्रोसेसर आणि जोरात दाबल्याशिवाय न ऐकणारा पडदा विद्यार्थ्यांच्या कामाचा ठरला नाही. वर्षभरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. दोन्हींकडे नीट पाहिले तर एकाचा आराखडा विचारी आणि किंमत परवडेना, दुसऱ्याची किंमत परवडणारी आणि आराखडा कच्चा. दोघांनाही आपण अपयशी म्हणतो, पण सिंप्युटरचा प्रश्न आजही उभा आहे. आकाशचा प्रश्न चिनी बनावटीच्या फोनने पाच वर्षांत सोडवून टाकला.

इथे पहिला आक्षेप येतो. फोन घरोघरी गेला, भाव हातात आला, मग जुना प्रश्न उरला कुठे? केरळच्या मासेमारांवरचा रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ चा अभ्यास या बाजूने नेहमी पुढे केला जातो. मोबाइल आल्यावर किनाऱ्यावरच्या बाजारांतली भावाची तफावत घटली आणि मासळी फुकट जाणे थांबले. हा पुरावा भक्कम आहे आणि मी तो नाकारत नाही. पण होडीतल्या माणसाला समुद्रातच कोणत्या बंदरी जायचे ते ठरवता येत होते. महाराष्ट्रातला पुरावा वेगळे सांगतो. २००७ मध्ये रॉयटर्सने इथे मोबाइलवर संदेशाने बाजारभाव आणि हवामान कळवणारी सशुल्क सेवा सुरू केली, मराठीतून. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी राज्यातल्या शंभर गावांत तिची पद्धतशीर चाचणी घेतली. ही सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरीने अधिक भाव मिळाल्याचे त्यांना आढळले नाही. ही गावे वऱ्हाडातली नव्हती, पण कारण वऱ्हाडाला चांगले ओळखीचे आहे. ज्याने खताच्या दुकानातून उधारीवर माल आणला, ज्याच्याकडे कापूस साठवायला पक्की जागा नाही आणि दिवाळीला पैसा हवा, त्याला अकोटचा भाव कळला म्हणून तो दारात उभ्या खेडा खरेदीवाल्याला परत पाठवू शकत नाही. भाव कळणे आणि भाव मागता येणे यांत अंतर आहे. खामगावच्या तारेनेही ते मिटवले नव्हते.

दुसरा पुरावा मेळघाटचा. अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कुपोषण हा अनेक दशकांचा घाव आहे, आणि अंगणवाडी सेविकेच्या वहीतले वजन-उंचीचे आकडे हा त्या लढाईचा पाया. पुढे वहीची जागा फोन घेऊ लागला आणि २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप आले. ते चालवायचे होते सरकारने आधी दिलेल्या स्वस्त फोनवर. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. २ जीबीच्या स्मृतीवर ॲप चालत नाही, फोन तापतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. वर्तमानपत्रांनी हे आंदोलन म्हणून छापले. मला ते एका स्वस्त यंत्राचे महाराष्ट्रात झालेले सर्वांत प्रामाणिक मूल्यमापन वाटते, कारण ते रोज वापरणाऱ्या बायकांनी केले होते आणि त्यांनी भाषेचाही मुद्दा मांडला होता. मेळघाटात सेविकेपुढे बसलेली आई कोरकू बोलते. सेविका मराठीत लिहिते. नोंद इंग्रजीत होत असेल तर बाळाचे वजन चुकीचे पडले हे दोघींपैकी कोणाच्या लक्षात येणार? ॲपमध्ये मराठी नंतर आली, पण ती पहिल्या दिवशी असायला हवी होती. धारणी तालुक्यातल्याच हरिसालला त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या साह्याने डिजिटल गाव म्हणून पुढे आणले होते. २०१९ च्या निवडणूक प्रचारात राज ठाकरे यांनी त्या दाव्यांवर सभांमधून बोट ठेवले आणि सरकारला उत्तर द्यावे लागले. गावात यंत्रे किती आली हे दोन्ही बाजूंनी मोजले गेले. त्या यंत्रांतली नोंद गावकऱ्याला बदलता येत होती का, यावर वाद झालाच नाही.

दुसरा आक्षेप असा की समाजाच्या व्यवहारातला दोष यंत्राच्या माथी का मारायचा? काटा खोटा नसतो, मापारी खोटा असतो. पण काट्याची रचना मापाऱ्याला किती मोकळीक देते हे रचनाकाराच्याच हातात असते. कापूस खरेदी केंद्रावरचे ओलावा मोजायचे छोटे यंत्र घ्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, तो ८ टक्के ओलाव्याला. त्यावरच्या प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात आणि १२ टक्क्यांपुढे माल नाकारला जातो. ८ आणि १२ मधला फरक क्विंटलमागे सुमारे ३२४ रुपयांचा. त्या यंत्राचा आकडा शेतकऱ्याकडे तोंड करून दिसतो की नाही, त्याची छापील चिठ्ठी निघते की नाही, ही पूर्णपणे रचनेची बाब आहे आणि तिच्यासाठी फार पैसे लागत नाहीत. त्याच हंगामात सीसीआयला म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला कापूस विकायचा तर आधी कपास किसान या मोबाइल ॲपवर नोंदणी करणे सक्तीचे झाले, आणि नोंदणीची मुदत वाढवावी लागली. म्हणजे हमीभाव आणि शेतकरी यांच्यामध्ये आता बाजार समितीच्या फाटकाआधी फोनचा पडदा उभा आहे.

चांगल्या रचनेची उदाहरणे आपल्याकडे नाहीत असे नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले साधे टॅब्लेट घेऊन प्रगणक दारोदार गेले. यंत्र अगदी मामुली होते, पण प्रारूप यादी जाहीर करून दावे आणि हरकती मागवण्याची पायरी त्या योजनेतच होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीने तर तलाठ्याकडची पीकपेऱ्याची नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनवर आणली. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर काय चढते ते आपण ठरवायचे. सर्व्हर अडला, रेंज गेली, ज्याच्याकडे फोन नाही तो शेजाऱ्याच्या पोरावर विसंबला, हे सगळे घडले. तरी नोंदीची लेखणी ज्याच्या जमिनीची नोंद त्याच्याकडे देणारे हे पाऊल मला कारंज्याच्या बाजाराइतके महत्त्वाचे वाटते, आणि त्याच्या उणिवा दाखवून ते मागे घेण्याची भाषा मला मान्य नाही. उणिवा भरून काढायच्या आहेत.

म्हणून अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा परिषदांना, बाजार समित्यांना आणि पंजाबराव कृषी विद्यापीठाला एक विनंती आहे. यापुढे सेविकेसाठी, खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरसाठी किंवा तलाठ्यासाठी कोणतेही स्वस्त यंत्र वा ॲप घेण्यापूर्वी ते धारणीच्या एका पाड्यावर आणि अकोल्याच्या मे महिन्याच्या उन्हात महिनाभर चालवून बघा. निविदेत स्मृती आणि बॅटरीच्या अटी असतातच. त्यांच्या वर तीन अटी घाला: पडदा मराठीत असावा आणि मेळघाटात कोरकू ऐकू यावी, प्रत्येक नोंदीची चिठ्ठी ज्याची नोंद त्याला मिळावी, आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा अर्ज त्याच यंत्रावरून करता यावा. यातली एक जरी अट पुरी होत नसेल, तर यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नका.