मधमाश्या व परागीभवन (शेतीतील)

मधमाशीचे नाव मधाशी जोडले गेले असले, तरी शेतीला तिचा मोठा उपयोग परागीभवनाचा, म्हणजे फुलातील परागकण कुक्षीपर्यंत पोचविण्याचा आहे. भात, गहू, ज्वारी यांचे वाऱ्यावर किंवा स्वपरागीभवनावर भागते. सूर्यफूल, मोहरी, कारळा, कलिंगड, काकडी, सफरचंद यांना कीटक हवेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ११५ प्रमुख खाद्यपिकांपैकी ८७ पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकरवी होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून असल्याचे नोंदविले आहे. मात्र वजनाने पाहता जगातील सु. ६०% पीक-उत्पादन त्यावाचून होते. म्हणून मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल, हे आइन्स्टाइन यांच्या नावावर खपविले जाणारे विधान निराधार समजावे.

जाती : आग्या, फुलोरी, सातेरी व युरोपीय (मेलिफेरा). पेटीत शेवटच्या दोनच पाळतात. माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीची फुले धुंडाळते. परागीभवनात तिची खरी किंमत या सवयीमुळे आहे.

कांदा बीजोत्पादन : माशीवाचून काय अडते, हे येथे सर्वांत स्पष्ट दिसते. कांद्याचे बी वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागते, त्यामुळे ते दरवर्षी नवे लागते. डोंगळ्याच्या एका गोंड्यात शेकडो फुले असतात व ती दोन-तीन आठवडे उमलत राहतात. प्रत्येक फुलात पराग आधी झडतो, कुक्षी नंतर पक्व होते. म्हणून फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या कामी येत नाही. संकरित बियाण्यात अडचण वाढते. तेथील मादी ओळी नर-वंध्य असतात (अशी वंध्यता १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम आढळली). त्यांत पराग नसल्याने पराग गोळा करणाऱ्या माश्या तिकडे फिरकत नाहीत, मकरंदासाठी येणाऱ्यांवरच सारी भिस्त. त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने शेजारी दुसरे फूल मिळाले, की माशी तिकडे वळते. यासाठी पेट्या सु. १०% फुले उमलल्यावर ठेवतात; आधी ठेवल्यास माश्या तणांच्या फुलांना सरावतात. हीच माशी दोन वाणांची भेसळही करते, म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मी. व पायाभूत बियाण्यासाठी १,००० मी. विलगीकरण अंतर राखावे लागते.

कीटकनाशके : फुलोऱ्यात फवारणी टाळावी, अटळ असल्यास सायंकाळी करावी. निओनिकोटिनॉइड गटातील तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरावर यूरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली.

आर्थिक मूल्य : अंदाज पद्धतीनुसार फार बदलतात.

भारतातील संस्था : युरोपीय माशी भारतात १९६२ मध्ये नगरोटा (आता हिमाचल प्रदेश) येथे स्थिरावली. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथेही नाव मधाचेच पडले.